खुणेचा लाल दोरा

वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी माझी वेणी चार हात लांब झाली. खऱ्या डोक्यावर आता सुपारीएवढा अंबाडा उरलाय, तोही पिना टोचून धरून ठेवलेला. पण नातीनं ऑफिसातून छापील कापडाची गुंडाळी आणली आणि आमच्या बैठकीच्या फरशीवर उलगडली, तर ती दारापासून पार फ्रिजपर्यंत गेली, आणि त्यात मी होते. अठरा वर्षांची. मांडीवर सुताची लडी, मान तिरकी, दात सगळे बाहेर, आणि खांद्यावरून मुद्दाम पुढं घेतलेली वेणी. शेंड्याला फीत.

"आज्जी, किती गोड दिसतीयस गं!"

"गोड कसली? दंतमंजनाची जाहिरात वाटतीय."

नात हसली, मीही हसले. मग माझी नजर फितीवर गेली. फोटो काळा-पांढरा आहे, त्यामुळं ती फीत काळी दिसते. ती लाल होती. आणि ती फीत नव्हती.

नात जुन्या इमारतींची कामं करणाऱ्या ऑफिसात आहे. पाडायचं नाही, झाडून-पुसून नव्या कामाला लावायचं, असा त्यांचा धंदा. दोन वर्षं तिच्याकडं आमच्या सूतबाजाराचं काम होतं. कुठल्या तरी व्यापाऱ्याच्या माळ्यावर तिला एक जुनं कॅलेंडर सापडलं, त्यावर आपलीच आजी. पोरगी आनंदानं वेडी झाली. हा फोटो मोठा करून अकराव्या खांबाशी, नव्या ओट्यामागच्या भिंतीवर लावायचा, आणि उद्घाटनाला आजीनं स्टेजवर दोन शब्द बोलायचे, असं तिनं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

"तुझीच जागा होती ना ती?"

"बसत होते," मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

फोटोच्या डाव्या कडेला, माझ्या गुडघ्यामागून, एक मनगट अर्धवट आलेलं होतं. बाकीचं नातीनं कापलं होतं. "तिकडं कुणीतरी बाई होती गं, तिचा चेहरा आला नव्हता. नुसते हात. म्हणून काढलं."

ते हात अक्काचे होते.

सूतबाजार म्हणजे काळ्या दगडाची लांबलचक शेड. आधी ती एका गिरणीचं साचेखातं होती, म्हणजे तिथं गिरणीचे माग चालायचे. गिरणीनं पसारा आवरला, साचे गेले, भिंती उरल्या, आणि सुताच्या व्यापाऱ्यांनी ती शेड भाड्यानं घेतली. आत बिडाचे खांब, प्रत्येक खांबावर ओतीव आकडा. गिऱ्हाईक व्यापाऱ्याचं नाव घेत नसे, "चार नंबरला जाऊन येतो" म्हणे. छप्पर करवतीच्या दातांसारखं, आणि दातांच्या उभ्या बाजूला काचा, सगळ्या उत्तरेकडं तोंड केलेल्या. त्यामुळं ऊन कधी आत यायचं नाही, नुसता उजेड यायचा. ही बांधणाऱ्याची केवढी हुशारी, हे नात मला कागदावर रेघा मारून सांगते. आम्हाला एवढंच ठाऊक होतं, की सोलापूरच्या उन्हात बाहेर सगळं पिवळं दिसतं आणि इथं सकाळी अकराला अन् दुपारी चारला सूत सारखंच पांढरं दिसतं.

गासड्या गिरणीतून ट्रकनं यायच्या. उतरवताना काही फुटायच्या, लड्या एकमेकींत शिरायच्या, मोठाले गुंते व्हायचे. ते सोडवायला खांबाखांबाशी बायका बसायच्या. कात्री जवळ ठेवायची नाही हा नियम. धागा तोडला की ती बाई कामावरून गेली. अकराव्या खांबाशी आम्ही दोघी: मी आणि अक्का.

अक्का विणकरांच्या घरातली, घरात तेलुगू बोलणारी, चाळिशीची. मी वैरागकडची, लग्न होऊन वर्षही न झालेली. नवरा बाजारातच हमाली करायचा, त्याच्या ओळखीनं मला चिकटवलेली. सातवी पास! त्या सातवीचा मला केवढा ताठा. गासडीवरची अक्षरं मी मोठ्यानं वाचायची, कुणी विचारलेलं नसताना. अक्का ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हुशार हाय पिल्ला. आता गुंता सोडव." तिच्याकडं पोरीला पिल्ला म्हणतात. मला वाटायचं लाडानं म्हणते. लाडानंच म्हणत होती.

सुटलेल्या लडीला पीळ देऊन शेवटची गाठ मारायची ती अक्का. आमच्या खांबाची ती रीतच होती. ती गाठ बघून विणकर लडी न उघडता न्यायचा. गाठ मारायच्या आधी ती धाग्याचं टोक खालच्या ओठावरून हळू ओढायची. बोटं रखरखीत होतात, ओठ होत नाहीत, असं तिचं म्हणणं. एका गिरणीचं सूत कुठलं आणि दुसरीचं कुठलं, हे तिला ओठावर कळायचं. मीही एकदा करून बघितलं. मला फक्त गुदगुल्या झाल्या आणि मी शेडभर खिदळले.

पांढऱ्यात पांढरं ओळखणं सोपं नसतं. दोन गिरण्यांचं सूत डोळ्याला एक दिसतं, पण रंगात बुडवलं की एक रंग जास्त पितं, एक कमी. कापडात पट्टे उठतात. म्हणून एका गिरणीच्या लड्यांना लाल दोरा बांधलेला असायचा आणि दुसरीच्या तशाच मोकळ्या. खुणेचा दोरा. पक्क्या रंगाचा, चकचकीत. बाजारात तेवढीच एक रंगीत वस्तू.

तर त्या दिवशी फोटोवाला यायचा होता. आमच्या व्यापाऱ्याला नव्या वर्षाचं कॅलेंडर काढायचं होतं, आणि त्यावर देवाऐवजी आपल्या मालाचं चित्र टाकायची हौस त्याला आली होती. आदल्या दिवशी तो आमच्याकडं बघून म्हणाला, "ही नवी पोरगी पुढं बसवा." झालं! ही वैरागची राणी रात्रभर जागी. सकाळी डोक्याला तेल, पायात पैंजण, लग्नातलं पातळ. बाजारात पोचल्यावर कळलं, फीत घरी खुंटीवरच राहिली.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? वेणी तशीच ठेवली असती. माझ्यासमोर लाल दोरा बांधलेल्या लड्या पडल्या होत्या. मी बाराएक लड्यांचे दोरे सोडले, एकत्र पिळले, वेणीच्या शेंड्याला गुंडाळून फूल काढलं. मोकळ्या झालेल्या लड्या डाव्या गुडघ्याशी वेगळ्या ठेवल्या. लक्षात राहील की! सातवी पास होते ना मी.

फोटोवाला आला. त्यानं डोळा बारीक करून बघितलं आणि म्हणाला, "ढीग लहान दिसतोय. सगळं एकत्र करा, भरगच्च दिसू द्या." हमालानं दोन्ही हातांनी डावीकडचं उजवीकडच्या, दुसऱ्या गिरणीच्या मोकळ्या लड्यांत लोटलं. मी बघत होते. "अहो थांबा" एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण फोटोवाला तेवढ्यात म्हणाला, "बाई, मान जरा तिरकी," आणि मी मान तिरकी केली.

मग त्याला गाठ मारतानाचा फोटो हवा झाला. अक्का पुढं सरकली. त्या ढिगातली एक लडी उचलली, धागा ओठाकडं न्यायला लागली, तर तो ओरडला, "तोंडासमोर हात नको! नुसती गाठ मारा, लवकर, मला वेळ नाही." अक्कानं माझ्याकडं बघितलं.

"पिल्ला, एकच हाय ना सगळं?"

"व्हय अक्का. मी बघितलंय की."

तिनं गाठ मारली. खटका वाजला. पुढच्या अर्ध्या तासात तिनं तो सगळा ढीग तसाच बांधून टाकला, कारण मी बघितलं होतं.

महिना-दीड महिन्यानं एक विणकर बाजारात आला. त्याच्या काखेत गाठोडं. कुणाच्या तरी घरच्या लग्नाची पातळं होती, जांभळी. त्यानं ती अकराव्या खांबाशी फरशीवर पसरली. जांभळ्यात फिकट पट्टे, मग जांभळं, मग परत पट्टे. आजाऱ्याच्या अंगावर बरगड्या दिसाव्यात तसे. उत्तरेचा तो सरळ उजेड, त्यात काही लपत नव्हतं. विणकर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, "अक्का, तुझी गाठ बघून नेलं होतं."

अक्का वाकली, एक पातळ उचललं, डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

बाजाराची एक रीत होती. जिची गाठ चुकली तिचा बसायचा पाट व्यापारी उलटा करायचा. बोलायचं काही नाही. आमच्या व्यापाऱ्यानं खाली वाकून अक्काचा पाट उलटा केला. तिनं तो उचलला, काखोटीला मारला आणि फाटकातून निघून गेली. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, म्हणजे मी तसं म्हणते. खरं म्हणजे मी खाली बघत होते, एक गुंता सोडवत. असा काही जीव लावून सोडवत होते, की त्या दिवशी मला कुणी बघितलं असतं तर कामसूपणाबद्दल बक्षीस दिलं असतं.

पुढच्या आठवड्यात अकराव्या खांबाची गाठ माझ्याकडं आली. बाजार मोडेपर्यंत, बावीस वर्षं, मी तिथं बसले. ओठावरून धागा ओढायला मीही शिकले. कॅलेंडरही निघालं, वर्षभर शहरातल्या दुकानांत टांगलेलं होतं. मी येता-जाता त्याकडं बघायची. पहिले काही महिने स्वतःचा चेहरा बघायला, नंतर न बघण्यासाठी मान वळवायला.

मग हातमाग गेले, सूत लडीऐवजी पुठ्ठ्याच्या कोनावर गुंडाळून यायला लागलं, आणि गुंते सोडवणाऱ्यांची गरज कुणाला राहिली नाही. शेडमध्ये रेशनचं धान्य आलं, एकदा मतपेट्या आल्या, मग कुलूप लागलं आणि कबुतरं आली. अक्का गेल्याचं मला कळलं होतं. तेरा वर्षं झाली. मी मातीला गेले नाही. घरात सांगितलं, आज नळाला पाणी यायचा दिवस आहे. पाणी खरंच आलं होतं, हंडे मीच भरले.

ती गुंडाळी फरशीवर बघितल्यावर मला झोप लागेना. आणि इथंच माझी गंमत बघा. दोन-तीन दिवसांतच त्या पश्चात्तापाचं माझं सुरेख भाषण तयार झालं. स्टेजवर उभं राहायचं, चष्मा काढायचा, "ही जागा माझी नाही" म्हणायचं. समोर पहिल्या रांगेतल्या बायका पदरानं डोळे पुसताहेत, हेही मला दिसायला लागलं. फक्त त्याआधी अक्काच्या मुलीला सांगावं, म्हणजे तीही येऊन बसेल.

नातीनं स्कूटरवरून विणकरांच्या वस्तीत सोडलं. "दोन तासांनी ये," म्हटलं, "जुनी मैत्रीण आहे." घर तेच, फक्त वर पत्र्याऐवजी स्लॅब. अक्काची मुलगी आता साठी ओलांडलेली. बाजारात अक्काचा डबा घेऊन यायची तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. दारात उजेडाला बसून विड्या वळत होती, मांडीवर सूप, सुपात तंबाखू. मला ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"या की. बसा."

आणि तिनं पायानं एक पाट माझ्याकडं सरकवला.

कडेचा टवका उडालेला, मधोमध खोलगट झालेला. मी तो पंचावन्न वर्षांनी बघत होते. मी जमिनीवर बसले.

"अवो, पाटावर बसा. गुडघे दुखतील."

"असू दे."

मी सांगितलं. भाषणातलं एक वाक्य तोंडात आलं नाही, नुसतं आधी हे, मग ते, असं सांगितलं. वेणी, दोरे, ढीग, अक्कानं विचारलेलं, मी दिलेलं उत्तर. तिचे हात थांबले नाहीत. पानाला तंबाखू, वळण, टोक मुडपणं, दोरा. पुढचं पान.

ती विडी बांधून झाल्यावर ती म्हणाली, "आई म्हणायची, पोरगी खोटं कशाला बोलंल? माझाच डोळा चुकला."

मी तो पाट हातानं माझ्यापासून जरा लांब सरकवला.

"त्या दिवसापासून तिनं सुताला हात लावला न्हाई. विड्या वळल्या. चष्मा केला. डॉक्टर म्हणले, अवो बाई, तुमचे डोळे चांगले हायेत. तर दुसऱ्या डॉक्टरकडं गेली. त्यानंबी तेच सांगितलं. मग बाजारातनं साध्या काचेचा घेतला, आणि मरस्तोवर घातला. स्वयंपाकात मीठ टाकायचं तरी मला हाक मारायची, बघ गं, हे मीठच हाय न्हवं?"

आत जाऊन तिनं ट्रंकेतून एक कागद आणला. तेच कॅलेंडर, खालचे महिने फाडून नुसतं चित्र ठेवलेलं. पूर्ण चित्र. डावीकडं अक्काचे दोन हात, लडीला गाठ मारताना.

"हे कशाला ठेवलं होतं तिनं?"

"तिचा दुसरा फोटोच न्हाई. आल्यागेल्याला दाखवायची. हे माजे हात, म्हणायची."

मी तिला उद्घाटनाचं सांगितलं. स्टेजवर सगळ्यांसमोर बोलते म्हटलं. तेव्हा पहिल्यांदा तिनं सूप खाली ठेवलं.

"कशाला?"

"लोकांना कळायला पाहिजे ना."

"लोक तुमालाच टाळ्या वाजवतील. म्हातारी बाई खरं बोलली, म्हणून. पेपरात फोटो येईल." ती माझ्याकडं अगदी शांतपणे बघत होती. "एक फोटो निघाला की तुमचा. अजून किती?"

त्या आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं मला बरोबर पकडलं. पंचावन्न वर्षांनी मी पुन्हा मान तिरकी करून बसले होते, आणि मला ते कळलंही नव्हतं.

"मग मी काय करू?"

"जागा आईची होती, एवढं तितं लिवा. चूक तिची न्हवती, एवढं लिवा. तुमचं काय लिवू नका."

नात घ्यायला आली तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते. घरी गेल्यावर तिलाही सगळं सांगितलं. ती माझ्याकडं बघत राहिली, जणू मी कुठल्या तरी इमारतीचा भाग आहे आणि आत वाळवी निघालीय. मग म्हणाली, "आज्जी, कार्डं छापून गेलीत. तुझं नाव आहे त्यात."

"आजी आजारी पडली म्हणून सांग. या वयात कुणीही विश्वास ठेवतं."

फोटो पुन्हा छापला. ह्या वेळी मला कापलं. अक्काचे हात, लडी, आणि गाठ. मी नातीला फक्त एक सांगितलं, उजव्या कडेला माझ्या वेणीचं टोक तेवढं राहू दे. दोऱ्यासकट. कुणाला कळणार नाही, पण असू दे. खाली ओळी लिहिल्या: "अकरावा खांब. या जागी बसणाऱ्या बाईची गाठ बघून विणकर सूत न उघडता नेत. ज्या गाठीवरून तिची जागा गेली, त्यात तिची चूक नव्हती." ऑफिसातले म्हणाले, याचा अर्थ काय, वाचणाऱ्याला काही कळत नाही. नातीनं भांडून तसंच ठेवलं.

उद्घाटनाच्या दिवशी मी घरी पांघरूण घेऊन पडले होते. मे महिना होता, पंखा गरम वारा फेकत होता. आजारी पडणं एवढं कठीण असतं हे मला आधी माहीत नव्हतं.

आता मी तिथं अधूनमधून जाते. काचा नव्या आहेत, खांबांना काळा रंग दिलाय, एका टोकाला प्रदर्शन आणि दुसऱ्या टोकाला कॉफीचं दुकान. उजेड मात्र तोच. माणसं अकराव्या ओट्यावर टेकतात, कप ठेवतात, फोनवर बोलतात. तिथल्या उशा सुताच्या तुकड्यांनी भरलेल्या आहेत, हौसेनं तोडलेल्या धाग्यांनी. मी समोरच्या खुर्चीवर बसते. मला कुणी ओळखत नाही, आणि ओळखण्यासारखं भिंतीवर आता काही नाही.

पावसाळा लागल्यावर एका मंगळवारी अक्काची मुलगी आली. एकटीच. फाटकावरच्या माणसानं तिला दोनदा विचारलं, कुणाकडं जायचंय. ती सरळ अकराव्या खांबाशी आली. ओट्यावर कपाचा गोल डाग पडला होता, तो तिनं पदरानं पुसला. मग वर बघितलं. एवढे मोठे हात. उजव्या अंगठ्याच्या नखाला उभी चीर, ती ह्या आकारात मलाही पहिल्यांदा दिसली होती. तिनं आपला अंगठा वर केला, त्या नखापाशी नेला, पण लावला नाही.

मी उठून शेजारी जाऊन उभी राहिले. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "हितं कडेला हे काळं काय हाय?"

"माझी वेणी."

"कशाला ठेवली?"

"माझं पण काहीतरी राहू दे म्हटलं."

"काढा," ती म्हणाली, आणि निघाली. फाटकापर्यंत तिनं मागं वळून बघितलं नाही.

स्टेजवर बोलू नका, भिंतीवर तुमचं लिहू नका म्हणाली होती, कागदाचं काही बोलली नव्हती. म्हणून हे लिहितेय. ही माझी नेहमीची पळवाट, मला ती चांगली ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी नातीनं माणूस बोलावला. त्यानं पट्टी लावून उजवी कड सरळ कापली. वीतभर रुंदीचा तुकडा निघाला, वेणीचं टोक आणि त्यावरचा दोरा. "आज्जी, हा घरी नेऊ या का?" नातीनं विचारलं.

नको म्हटलं. त्या माणसानं तो घडी करून कचऱ्याच्या पोत्यात टाकला.